संप मोजणारे काय मोजतात?

आपल्याकडे संप फार होतात, युनियनबाजी फार आहे, म्हणून कारखाने टिकत नाहीत. हे इतक्या ठामपणे बोललं जातं की ते तपासून पाहावं असं कोणाच्या मनातही येत नाही. तपासायला हवं. कोणत्या देशात किती संप होतात याचे तक्ते छापले जातात, ते कोणालाही बघता येतात. वाचताना मात्र दम धरावा लागतो, कारण या तक्त्यांत जेवढं लिहिलेलं असतं त्याहून गाळलेलं जास्त असतं.

आधी माप समजून घेऊ. दर हजार कामगारांमागे वर्षाला कामाचे किती दिवस बुडाले, हे ते माप. जर्मनीतल्या हान्स ब्योक्लर फाउंडेशनची संशोधन संस्था या मापाने देशोदेशींची तुलना करते. गेल्या दशकभराची सरासरी पाहिली तर बेल्जियम आणि फ्रान्स सगळ्यांत वर, नव्वदीच्या घरात. जर्मनी विशीच्या आतबाहेर. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड तळाला, एक-दोन दिवसांवर.

फ्रान्सचा आकडा ऐकून छाती दडपण्याआधी भागाकार करा. हजार माणसांमागे नव्वद दिवस म्हणजे माणशी वर्षाला दिवसाचा दहावा हिस्सासुद्धा नाही. जेमतेम पाऊण तास. जगात संपासाठी सर्वांत बदनाम असलेल्या देशातला कामगार सरासरीने वर्षाकाठी पाऊण तास संपावर असतो. सर्दी-तापाने याच्या कितीतरी पट दिवस जातात. संपाने देश बुडतो म्हणणाऱ्यांनी आधी या पाऊण तासाचं उत्तर द्यावं.

आता दुसरा प्रश्न. फ्रेंच कामगार भांडखोर आणि जर्मन कामगार समंजस, असं आहे का? स्वभावावर बिल फाडणं सोपं असतं. कायदा वाचला की चित्र पालटतं.

फ्रान्समध्ये संपाचा हक्क 1946 च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात आहे आणि तो प्रत्येक कामगाराचा स्वतःचा हक्क आहे. मतदान घ्यावं लागत नाही. युनियनचं सभासद असावं लागत नाही. फ्रान्समध्ये युनियनचे सभासद कामगारांच्या जेमतेम दहा टक्के आहेत, तरी रस्ते भरतात ते यामुळेच. 2023 मध्ये सरकारने निवृत्तीचं वय 62 वरून 64 केलं, तेव्हा रेल्वे थांबली, तेलशुद्धीकरण कारखाने अडले, पॅरिसच्या फुटपाथवर कचऱ्याचे ढीग साचले.

जर्मनीत याच कारणासाठी युनियनला संप पुकारता येत नाही. तिथे संप फक्त वेतनकरारासाठी. सरकारच्या धोरणाविरुद्धचा राजकीय संप बेकायदा. एकदा करार झाला की तो संपेपर्यंत त्यातल्या मुद्द्यांवर शांतता पाळणं बंधनकारक. आणि सरकारी सेवेतल्या कायम अधिकाऱ्यांना, ज्यांत लाखो शिक्षक आहेत, संप करण्याची मुभाच नाही. काही शिक्षक हा प्रश्न घेऊन थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने जर्मनीची बाजू उचलून धरली. म्हणजे पॅरिसमधल्या शिक्षकाला संपावर जाता येतं, आणि बर्लिनमधल्या कायम शिक्षकाच्या मनात तोच राग असला तरी त्याला जाता येत नाही.

जर्मनीला यात एक श्रेय मात्र द्यायलाच हवं. 1976 च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. अध्यक्षाचं निर्णायक मत भागधारकांकडेच राहिलं, हे खरं. तरीही कारखाना हलवायचा की ठेवायचा, यावर बोलायला कामगाराला खुर्ची आहे. गेटवर घोषणा द्यायच्या आधी टेबलावर बोलता येतं. आपले उद्योजक जर्मन शिस्तीचं कौतुक करतात तेव्हा या निम्म्या खुर्च्यांचा उल्लेख त्यांच्या भाषणात का नसतो, हे त्यांना कोणीतरी विचारा.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथे मोजणीलाच कात्री लावली.

अमेरिकेचं सरकारी कामगार सांख्यिकी खातं आज फक्त हजार किंवा त्याहून जास्त कामगारांचे संप मोजतं. पूर्वी लहान संपही मोजले जात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात, खर्चकपातीत ती मोजणी बंद झाली. त्याच सुमारास, ऑगस्ट 1981 मध्ये, रेगन यांनी संपावर गेलेल्या 11 हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात घरी बसवलं. संप केला तर नोकरी जाते, हा धडा साऱ्या देशाने घेतला. मोठ्या संपांचा आकडा घसरत घसरत 2009 मध्ये वर्षाला पाचांवर आला. मंदीचं वर्ष होतं ते. लोकांची घरं जात होती, नोकऱ्या जात होत्या, आणि अख्ख्या अमेरिकेत मोठे संप फक्त पाच. याला कोणी औद्योगिक शांतता म्हणेल?

कॉर्नेल आणि इलिनॉय विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी मग स्वतःच लहानमोठे सगळे संप नोंदवायला घेतले. 2023 मध्ये सरकारी मोजणीत 33 आले. यांच्या नोंदवहीत, मोजक्या टाळेबंद्या धरून, 470. देश तोच, वर्ष तेच. कॉफीच्या दुकानातले वीस-पंचवीस जण शेड्यूलसाठी आणि पगारासाठी काम सोडून दारात उभे राहिले, तर सरकारच्या लेखी तिथे काही घडलेलंच नसतं. आणि आजची अमेरिकन नोकरी मोठ्या कारखान्यापेक्षा अशाच दुकानांत, गोदामांत, छोट्या दवाखान्यांत जास्त आहे. नोकरी जिथे गेली तिथे मोजणारा गेलाच नाही.

ब्रिटननेही उंबरठा ठेवला आहे, पण बराच खाली: दहापेक्षा कमी कामगारांचा किंवा एका दिवसापेक्षा कमी वेळाचा संप सहसा मोजत नाहीत. म्हणून ब्रिटनचा आकडा अमेरिकेच्या शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारा माणूस एक तर घाईत आहे किंवा त्याला निष्कर्ष आधीच माहीत आहे.

स्वीडनवर मात्र जरा थांबू या. कमी संपांचा देश म्हणून सर्रास त्याचंच उदाहरण देतात आणि ते उदाहरण अर्धंच सांगतात.

1920 च्या दशकात स्वीडन जगातल्या सर्वाधिक संप होणाऱ्या देशांपैकी एक होता. 1931 मध्ये ओडालेन इथे लष्कराने कामगारांच्या मोर्चावर गोळीबार केला, पाच जण मेले. देश हादरला. डिसेंबर 1938 मध्ये साल्तशोबादेन इथे मालकांची संघटना आणि कामगारांची संघटना यांनी समोरासमोर बसून करार केला, की वाद कसे सोडवायचे ते आपण ठरवू, सरकारने कायदा करून मध्ये पडायची गरज नाही. त्यानंतर संप ओसरले. हक्क मात्र कोणी सोडला नाही. स्वीडनमध्ये आजही एका कारखान्यातल्या कामगारांसाठी दुसऱ्या उद्योगातल्या कामगारांनी सहानुभूतीचा संप केला तर तो कायदेशीर असतो. ब्रिटनमध्ये असा संप कायद्याच्या संरक्षणाबाहेर आहे आणि अमेरिकेत 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने त्याचे हात बांधले आहेत.

हा हक्क काय करू शकतो ते 27 ऑक्टोबर 2023 पासून जगाने पाहिलं. टेस्ला कंपनीने स्वीडनमध्ये सामूहिक वेतनकरारावर सही करायला नकार दिला. तिच्या दुरुस्ती केंद्रांतले मेकॅनिक संपावर गेले. कंपनीकडे तिथे मेकॅनिक तरी किती? शे-सव्वाशेच्या आसपास. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाच्या कंपनीसमोर ही संख्या म्हणजे काहीच नाही. पण मग गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या जहाजांवरून उतरवायचं थांबवलं. इलेक्ट्रिशियननी टेस्लाची दुरुस्तीची कामं नाकारली. आणि टपाल कामगारांनी टेस्लाच्या नव्या गाड्यांच्या नंबरप्लेट पोचवायचं बंद केलं. स्वीडनमध्ये नंबरप्लेट टपालाने येते. प्लेट नाही, तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. कंपनीला प्लेटसाठी कोर्टात जावं लागलं. पोस्टातल्या कामगाराचं टेस्लाशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याचा पगार एका क्रोनाने वाढणार नव्हता. आज त्यांच्यावर आहे, उद्या आपल्यावर येईल, एवढंच त्याला कळत होतं.

दोन वर्षं उलटून गेली तरी कंपनीने सही केली नव्हती आणि युनियनने संप सोडला नव्हता. बुडालेल्या दिवसांच्या तक्त्यात हा संप शोधा. शंभर माणसांचा संप, देशाच्या सरासरीत दिसतो न दिसतो. संपाची ताकद त्या तक्त्यात उतरतच नाही.

दक्षिण कोरियात उलटा प्रकार. 2009 मध्ये सांगयोंग मोटर कंपनीने मोठी कामगारकपात जाहीर केली. कामगारांनी प्योंगतेकचा कारखाना 77 दिवस ताब्यात ठेवला. पोलिसांनी तो संप मोडला. संप मोडल्यावर तरी प्रकरण मिटावं, पण खरी शिक्षा पुढेच होती. कंपनीने आणि पोलिसांनी कामगारांवर नुकसानभरपाईचे दावे लावले आणि कोर्टाने 4.7 अब्ज वॉन भरायला सांगितले. नोकरी गेलेल्या माणसाने हे पैसे आणायचे कुठून? तेव्हा एका साप्ताहिकाच्या वाचक बाईने 47 हजार वॉन लिफाफ्यात घालून संपादकांकडे पाठवले. तिने हिशेब मांडला होता: माझ्यासारखे एक लाख जण झाले की रक्कम पुरी होते. कोरियात पूर्वी पगार पिवळ्या पाकिटात मिळायचा, म्हणून त्या मोहिमेला पिवळ्या पाकिटाचं नाव पडलं. संप करणाऱ्यांवर असे बेसुमार दावे लावण्याला आळा घालणारा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये कोरियाच्या संसदेने मंजूर केला, तोही त्याच नावाने ओळखला जातो. मधली सोळा वर्षं कोरियात किती संप झाले, हे तक्ता सांगेल. घर जप्त होईल या भीतीने किती झालेच नाहीत, हे कोण सांगणार?

याच कोरियातल्या सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिला संप झाला 2024 मध्ये. कित्येक दशकं कंपनीने युनियन होऊच दिली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरपासून चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरमध्ये, फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या तिच्याच कारखान्यात, हजाराहून जास्त कामगार 37 दिवस संपावर होते. मुख्य मागणी एकच होती, आमच्या युनियनला मान्यता द्या. युनियन नोंदवण्याचा जो हक्क 1926 च्या कायद्याने भारतीय कामगाराला दिला, तो कागदावर उतरवून घ्यायला 2024 मध्ये सदतीस दिवसांचा पगार घालवावा लागला आणि वर हायकोर्टाची पायरी चढावी लागली.

जपानचं आणि चीनचं थोडक्यात सांगतो. जपानमध्ये 1974 च्या आसपास वर्षाला हजारो संप होत. आता मोजके उरले आहेत. 31 ऑगस्ट 2023 ला टोकियोतल्या इकेबुकुरोच्या सेइबु डिपार्टमेंट स्टोअरमध्ये एक दिवसाचा संप झाला, तर ती राष्ट्रीय बातमी झाली. डिपार्टमेंट स्टोअरमधला 61 वर्षांतला पहिला संप. दुकानाची मालक कंपनी दुसऱ्याच दिवशी विकली गेली. आणि चीनने 1982 च्या राज्यघटनेतून संपाचा हक्कच काढून टाकला. तिथले सरकारी आकडे शोधू नका, सरकार ते प्रसिद्धच करत नाही. हाँगकाँगमधली एक संस्था समाजमाध्यमांवरून चिनी संपांचा नकाशा तयार करत असे. 2025 मध्ये तीही बंद झाली.

आता आपल्याकडे या.

भारतात संपांची मोजणी केंद्र सरकारचं लेबर ब्युरो करतं. दहा किंवा अधिक कामगार असलेले संप आणि टाळेबंदी त्यात येतात. राजकीय आणि सहानुभूतीचे संप येत नाहीत. ही एक ओळ महाराष्ट्राच्या माणसाने नीट वाचावी. जुलै 1908 मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. आजच्या व्याख्येत तो राजकीय संप. मोजायचा नाही. 7 नोव्हेंबर 1938 ला मुंबई प्रांताच्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, मुंबईत एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला. विधिमंडळात बाबासाहेबांनी संपाच्या हक्काची सांगड थेट स्वातंत्र्याच्या हक्काशी घातली होती. तोही राजकीय. तोही नाही. म्हणजे या मातीतल्या कामगारांनी स्वतःच्या पगारापलीकडे जाऊन जे दोन मोठे संप केले, ते आजच्या मोजणीत शून्य भरतात.

उलट जे संपात धरू नये ते धरलं जातं. देशांची तुलना करताना जी बेरीज वापरतात तिच्यात संप आणि टाळेबंदी एकत्र असतात. मालकाने गेटला कुलूप घातलं, कामगार बाहेर उभा राहिला, तरी दिवस बुडाले ते देशातल्या 'कामगार अशांतते'च्या खात्यावर. 2003 चे आकडे बघा. भारतात संपांमुळे बुडालेले मनुष्यदिवस सुमारे 32 लाख. टाळेबंदीमुळे सुमारे 2 कोटी 70 लाख. आठ पटींहून जास्त. त्याच्या आसपासच्या वर्षांतही टाळेबंदीचाच आकडा मोठा होता. तरी बदनाम झाला तो कामगार. मालकबाजी हा शब्द कधी कोणाच्या तोंडून ऐकलात?

1982 चा दाखला मला ठाऊक आहे आणि तो टाळायची माझी इच्छा नाही. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या वर्षी देशात संप आणि टाळेबंदी मिळून जवळजवळ साडेसात कोटी मनुष्यदिवस बुडाले. संपाने गिरण्या बुडाल्या, ही कथा तिथूनच चालू आहे. पण मागण्या आठवा. पगारवाढ आणि बोनस तर होतेच, पण त्यासोबत 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याविरुद्धही लढाई होती. त्या कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलणी करायचा हक्क दिला होता आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांना ती युनियन नको होती. त्यांना आपला प्रतिनिधी बदलता येत नव्हता. बोलायचा दरवाजा बंद केला की संप लांबतो, चिघळतो. आणि गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं ते लोअर परळला उभं राहून कोणीही बघावं.

आज चाकणला, रांजणगावला, वाळूजला कामगार फार संप करत नाहीत हे खरं आहे. का करत नाहीत, ते लाइनवरच्या कंत्राटी पोराला विचारा. शेजारी उभा राहून तेच काम करणाऱ्या कायम कामगाराच्या तुलनेत त्याचा पगार कितीतरी कमी. तो कंपनीचा नाही, ठेकेदाराचा. त्याने तोंड उघडलं तर नोटीस नाही, चौकशी नाही. उद्यापासून गेटपास बंद, एवढंच. त्याची जागा भरायला दुपारपर्यंत दुसरा पोरगा हजर असतो. हा माणूस संपाच्या तक्त्यात येऊच शकत नाही आणि त्याच्या गप्प बसण्याला आपण गुंतवणुकीला पोषक वातावरण म्हणतो. मला याची चीड येते.

त्यात 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. पूर्वी संपाची आगाऊ नोटीस फक्त लोकोपयोगी सेवांना बंधनकारक होती. आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत चौदा दिवसांची नोटीस हवी. नोटीस दिली की समेटाची बोलणी सुरू होतात, आणि बोलणी चालू असताना व त्यानंतर सात दिवस संपाला मनाई. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप. बेकायदा संपाला हजार ते दहा हजारांचा दंड किंवा महिनाभरापर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. यातून वाट काढून कायदेशीर संप करून दाखवणं जवळपास अशक्य आहे. पुढच्या काही वर्षांत भारताचा आकडा आणखी खाली येईल आणि तो सुधारणांचं यश म्हणून मिरवला जाईल. साल्तशोबादेनचा आकडाही कमी होता. तो दोन्ही बाजूंच्या सह्यांनी कमी झाला होता.

लेबर ब्युरोकडे आणि राज्याच्या कामगार खात्याकडे मागणी करावी अशी गोष्ट साधी आहे. संपाचे दिवस आणि टाळेबंदीचे दिवस प्रत्येक निवेदनात वेगवेगळे छापा, बेरीज करून लपवू नका. कंत्राटी कामगारांची कामबंदी नोंदवा. संपाच्या किती नोटिसा आल्या आणि त्यातल्या किती समेटाच्या बोलण्यांतच अडकून पडल्या, तेही दरवर्षी जाहीर करा. आणि वाचकांनो, पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर भारतातल्या कमी झालेल्या संपांचा आलेख धरला, तर त्याला एवढंच विचारा, टाळेबंदीचा आलेख कुठे आहे?